रिदमची स्ट्रिप नर्सच्या हाती कशी आली

ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, शिकवण्याचा पहिला तास बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. सहा सेकंदांची, म्हणजे तीस मोठ्या चौकोनांची स्ट्रिप समोर येते आणि ठरलेले प्रश्न विचारले जातात. रेट, म्हणजे ठोक्यांचा वेग, किती? रिदम, म्हणजे ठोक्यांचा ताल, नियमित आहे का? प्रत्येक क्यूआरएसच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या टोकदार उंचवट्याच्या, आधी पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा, आहे का? पीआर, म्हणजे पी वेव्हच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर, किती लांब, क्यूआरएस किती रुंद? मग कोऱ्या कागदाची कड स्ट्रिपखाली धरायची, पहिल्या दोन आर वेव्हच्या, म्हणजे क्यूआरएसमधल्या उंच सुळक्यांच्या, टोकांखाली पेन्सिलीने दोन खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवत न्यायचा. खुणा प्रत्येक जोडीवर बरोबर बसल्या तर रिदम नियमित. चौथ्या जोडीला खूण हुकली की विद्यार्थी मान वर करून बघतो. शिकवताना मला सगळ्यात आवडणारा क्षण तोच.

हे प्रश्न याच क्रमाने का विचारायचे, चौकोन याच मापाचे का, आणि मुळात हे काम नर्सचं का, या सगळ्याला इतिहास आहे. तो कळला की पाठांतराचं ओझं बरंच हलकं होतं.

रिदम वाचायला सुरुवात झाली ती नाडीवरून. इंग्लंडमधल्या बर्नली गावात प्रॅक्टिस करणारे जेम्स मॅकेन्झी पॉलिग्राफ नावाचं उपकरण वापरत. मनगटाची नाडी आणि मानेच्या शिरेची उसळी त्यात एकाच कागदावर शाईने उमटायची. मानेतली एक उसळी हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची, मनगटातली खालच्या कप्प्याच्या आकुंचनाची. दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या की वरचे आणि खालचे कप्पे मेळाने चाललेत का ते दिसे. आज पीआर इंटरव्हल मोजताना आपण हेच विचारतो. डच डॉक्टर कारेल वेंकेबाख यांनी 1899 मध्ये ज्या अनियमित नाडीचं वर्णन केलं, त्यात ठोक्यांचे गट पडत आणि प्रत्येक गटानंतर एक ठोका गळे. तेही त्यांनी नाडीच्या आलेखावरूनच ओळखलं. परीक्षेत हमखास येणारा हा वेंकेबाख ब्लॉक ईसीजीचं मशीन वापरात येण्याआधीचा आहे, हे सांगितलं की वर्ग जरा सावरून बसतो.

विजेची बाजू वेगळीकडून आली. 1887 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख छातीवरून, हृदयाला हात न लावता घेतला. पुढे ते आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून हा प्रयोग लोकांना दाखवत. पण त्यांच्या उपकरणातला पारा संथ हलायचा, म्हणून रेघ बोथट यायची. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी ती आधी गणिताने दुरुस्त केली. मूळ रेघेवरच्या टेकाडांना ए, बी, सी, डी ही अक्षरं होती, म्हणून 1895 मध्ये दुरुस्त केलेल्या रेघेला त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी नावं दिली. ‘पी’पासूनच सुरुवात का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं.

पुढे त्यांनी स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर बनवला. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेला असे, आणि हृदयाच्या विजेने तो थरथरला की त्याची सावली सरकत्या फोटोग्राफिक प्लेटवर पडे. यंत्राचं वजन सुमारे 270 किलो होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. पेशंट दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. लीड वन, टू, थ्री, म्हणजे हृदयाची वीज बघायच्या तीन दिशा, याच तीन बादल्यांमधून आले. सेकंदाला 25 मिलिमीटर आणि एका मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर हे मापही त्यांच्याच काळचं. त्यामुळे एक लहान चौकोन 0.04 सेकंदांचा आणि एक मोठा 0.20 सेकंदांचा होतो, आणि 300 ला दोन आरमधल्या मोठ्या चौकोनांनी भागलं की रेट निघतो. आइंटहोवेन यांना 1924 मध्ये नोबेल मिळालं.

त्याच सुमाराला विजेचा रस्ता शरीरात सापडत होता. हिस यांनी 1893 मध्ये खालच्या कप्प्यांकडे वीज नेणारा तंतूंचा जुडगा दाखवला, 1906 मध्ये जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी एव्ही नोड, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं विजेचं ठाणं, आणि 1907 मध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी एसए नोड, म्हणजे ठोका जिथे सुरू होतो ती जागा. रेघेवरचा प्रत्येक उंचवटा आता हृदयातल्या एका जागेशी जोडता येऊ लागला. लंडनमध्ये थॉमस लुइस यांनी 1909 मध्ये दाखवलं, की डॉक्टरांना बोटाखाली वर्षानुवर्षं जाणवणारी, कसलाच ताल नसलेली नाडी म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वरच्या कप्प्यांची नुसती थरथर. पी वेव्ह गायब, बेसलाइन, म्हणजे उंचवट्यांमधली सपाट रेघ, थरथरती, आर-आर अंतरं वेडीवाकडी. छातीवरचे व्ही लीड 1930 च्या दशकात आले, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ 1942 मध्ये, आणि बारा लीड पूर्ण झाले. इन्फार्क्शन, म्हणजे हार्ट अटॅक, शोधायला ते हवेतच, पण रिदम वाचायला सुरुवातीला एक चांगला लीड टू पुरतो.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टीत नर्स कुठेच नाही. ईसीजी तंत्रज्ञ काढत, डॉक्टर सवडीने वाचत. हार्ट अटॅकचा पेशंट आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून, कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही खाटेवर. नर्सकडे नाडी, बीपी, तापमान आणि राउंड. रात्री दोन वाजता रिदम बिघडला तर ते कळायचं पुढच्या राउंडला, आणि तेव्हा उशीर झालेला असे. हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्या पेशंटपैकीही सुमारे 30 टक्के दगावत.

उपाय मात्र एकेक करून तयार होत होते. क्लॉड बेक यांनी 1947 मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर, उघड्या छातीत थेट हृदयाला शॉक देऊन एका 14 वर्षांच्या मुलाला वाचवलं. पॉल झोल यांनी 1956 मध्ये छातीवरून शॉक देण्यात यश मिळवलं. 1960 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता कॉम्प्रेशनने, म्हणजे छातीवर दाब देऊन, रक्त फिरतं ठेवता येतं हे दाखवलं. मॉनिटरही होते. कमी होती ती या सगळ्यांना बांधणाऱ्या, चोवीस तास खाटेशी असणाऱ्या माणसाची.

एडिंबराचे तरुण डॉक्टर डेस्मंड ज्युलियन यांनी 1961 मध्ये ते नेमकं लिहून ठेवलं: अशा पेशंटना एकत्र ठेवा, सतत ईसीजी मॉनिटर लावा, त्याला अलार्म जोडा आणि कॉम्प्रेशन डॉक्टरांबरोबर नर्सना आणि इतर कर्मचाऱ्यांनाही शिकवा. 1962 मध्ये ह्यूज डे यांनी कॅन्सस सिटीत कोरोनरी केअर युनिट, म्हणजे अशा पेशंटचा खास वॉर्ड, सुरू केलं. पण नर्सने बघायचं, मग डॉक्टरला बोलवायचं आणि डॉक्टरने येऊन शॉक द्यायचा या साखळीतच वेळ जायचा. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये (व्हीएफ), म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरत असताना, शॉकला उशीर झाला की जगण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घसरते.

फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांनी या साखळीतली मधली कडीच काढून टाकली. मॉनिटरसमोर बसलेल्या नर्सने स्वतः रिदम ओळखावा आणि डॉक्टर हजर नसेल तर स्वतःच शॉक द्यावा, हा त्यांच्या युनिटचा पाया होता. त्यांच्यासोबत रोझ पिनिओ या नर्स होत्या, आणि त्या काळाच्या मानाने हे मोठं धाडस होतं. ईसीजीचा अर्थ लावणं हे निदान, आणि निदान हे डॉक्टरचंच काम, अशी पक्की समजूत होती. नर्सने शॉक दिला आणि काही बिनसलं तर जबाबदार कोण, हा प्रश्नही खरा होता. उत्तर म्हणून मेल्टझर, पिनिओ आणि रॉडरिक किचेल यांनी 1965 मध्ये खास नर्ससाठी कोरोनरी केअरची हस्तपुस्तिका काढली. किलिप आणि किमबॉल यांचा 250 पेशंटचा अभ्यास 1967 मध्ये आला आणि अशा युनिटवरचा भरवसा वाढत गेला. हार्ट अटॅकच्या पेशंटमधल्या एकूण मृत्यूंचं प्रमाण पुढे जवळपास निम्म्यावर आलं. अमेरिकेत 1969 मध्ये हृदयविकाराच्या नर्सची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. 1971 मध्ये तिच्या नावात क्रिटिकल केअर आलं.

पाठ्यपुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत उरकतात याचं मला वाईट वाटतं. ‘ही स्ट्रिप व्हीटी आहे’ (खालच्या कप्प्यांतून उठणारा धोकादायक, वेगवान रिदम) असं विद्यार्थी म्हणतो, तेव्हा तो कोणीतरी मिळवून दिलेला अधिकार वापरत असतो. याच कारणासाठी मी वर्गात सायनस, म्हणजे नेहमीच्या, रिदमनंतर थेट व्हीएफ, व्हीटी आणि असिस्टोल, म्हणजे सपाट रेघ, घेते आणि हार्ट ब्लॉकच्या, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्यांच्या, बारकाव्यांकडे नंतर वळते.

पुढच्या काळाने एक कठोर धडाही दिला. अटॅकनंतर मॉनिटरवर व्हीपीसी, म्हणजे अधूनमधून येणारे रुंद अवेळी ठोके, फार दिसत. ते पुढच्या व्हीएफची सूचना मानून औषधांनी दाबत, आणि नर्स तासाला किती व्हीपीसी आले ते मोजत. 1989 मध्ये कास्ट या चाचणीचे निष्कर्ष आले. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही व्हीपीसी दाबणारी औषधं घेणाऱ्यांचे व्हीपीसी कमी झाले होते, स्ट्रिप स्वच्छ दिसत होती, पण प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू जास्त झाले होते. ‘पेशंटवर उपचार करा, मॉनिटरवर नाही’ हे वाक्य शिकवताना मी या चाचणीचं नाव घेतेच.

अलार्मचंही तसंच. ज्युलियन यांना हवा असलेला अलार्म आता प्रत्येक खाटेशी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या नर्स-संशोधक बार्बरा ड्रू यांच्या गटाने 2014 मध्ये पाच आयसीयूंमधल्या 461 पेशंटचा 31 दिवसांचा हिशोब मांडला. अलार्म पंचवीस लाखांहून जास्त, आणि रिदमचे जे 12,671 अलार्म तपासले त्यातले 88.8 टक्के खोटे. हॉस्पिटलमधल्या ईसीजी मॉनिटरिंगचे 2004 चे अमेरिकन निकषही ड्रू यांच्याच पुढाकाराने झाले होते.

दात घासणाऱ्या पेशंटची स्ट्रिप मी दर वर्षी वर्गात दाखवते. ब्रशच्या हालचालीने बेसलाइन अशी हलते की हुबेहूब व्हीटी वाटावी, आणि दोनतीन जण घाईने ‘शॉक’ म्हणतात. मग त्यांनाच पेन्सिल देते. कागदाची कड लावून, खुणा सरकवत गेलं की त्या गोंधळात नेहमीचे क्यूआरएस आपल्या जागी ठाम उभे दिसतात. याच्या उलटही घडतं: स्ट्रिपवर सुरेख सायनस, आणि मानेला बोट लावलं तर नाडीच नाही. ती पल्सलेस इलेक्ट्रिकल अॅक्टिव्हिटी. तिथे शॉकचा उपयोग नसतो, ताबडतोब कॉम्प्रेशन सुरू करायचे असतात. ते सांगताना मी मॅकेन्झींचा पॉलिग्राफ फळ्यावर काढते, वर मानेची रेघ, खाली मनगटाची, आणि त्यांच्याखाली ईसीजीची तिसरी.