ताक, आतडी आणि विसर: शंभर वर्षांचा माग

सातारा-सांगलीकडे ताकाशिवाय जेवण पुरं होत नाही, आणि आजी-आजोबा विसरायला लागले की ‘वयच झालं आता’ म्हणून विषय मिटतो. या दोन्हींचे धागे जुने आहेत.

१९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमरने स्मृती गेलेल्या एका बाईच्या मेंदूत सापडलेल्या गाठी आणि गुंते मांडले. त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये इल्या मेचनिकोव्ह हा शास्त्रज्ञ म्हणत होता, मोठ्या आतड्यातले कुजवणारे जिवाणू विष सोडतात, त्यानं माणूस लवकर म्हातारा होतो. उपाय, आंबवलेलं दूध. (१९०८चं नोबेल त्याला मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामाबद्दल, दह्याबद्दल नाही.) पुढे अतिरेक झाला. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन हा डॉक्टर, वेड शरीरात दडलेल्या जंतूंमुळे येतं असं मानून, ते बरं करायला रुग्णांचे दात उपटू लागला, मग आतडीही कापू लागला. कित्येक दगावले, आणि हा विषयच बदनाम झाला.

तो सावरला २००४मध्ये, जपानमध्ये. जंतूविना वाढवलेले उंदीर ताण आला की जास्तच बिथरतात, असं तिथं दिसलं. २०१७मध्ये अमेरिकेत २५ अल्झायमर रुग्ण आणि २५ निरोगी माणसांची विष्ठा तपासली. रुग्णांत जिवाणूंची विविधता कमी होती. २०२३मध्ये आयर्लंडच्या कॉर्कमध्ये रुग्णांचे जिवाणू तरुण उंदरांच्या पोटात सोडले, तर त्यांची स्मृती ढासळली.

मेख अशी, की आधी काय बिघडलं, आतडी की मेंदू? दात हलले की भाकरी सुटते, चहात बुडवलेली खारी सुरू होते. पाणी कमी, तीन-तीन दिवस पोट साफ नाही, वरून अँटिबायोटिकचा कोर्स. एवढ्यानंही जिवाणू बदलतात.

ताकातले जिवाणू आतड्यात कायमचे ठाण मांडत नाहीत, आणि उकळलेल्या कढीत तर ते जिवंतच राहत नाहीत. आतल्या जिवाणूंना पोसतो तो चोथा: ज्वारी, डाळी, पालेभाज्या. त्यापासून ते जी आम्लं बनवतात, त्यातलं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचं खाद्य. पण २०२३च्याच एका अमेरिकन प्रयोगात याच गटातल्या आम्लांनी उंदरांच्या मेंदूची हानी वाढवली. म्हणजे चोथा खावा तो पोटासाठी. स्मृतीची हमी त्यात नाही.

घरात कुणाचा विसर वाढला असेल, तर प्रोबायोटिकच्या (उपयोगी जिवाणूंच्या) पुड्या आणण्याआधी बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्यावं. त्यांच्यामुळे आलेला विसर वेळेत उपचार झाले तर बराचसा ओसरतो.