नॉटिंग हिल कार्निव्हल

लंडनच्या पश्चिम भागात, नॉटिंग हिल आणि लॅडब्रोक ग्रोव्ह परिसराच्या रस्त्यांवर दरवर्षी ऑगस्टअखेरीस भरणारा कॅरिबियन संस्कृतीचा उत्सव. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडमध्ये सार्वजनिक सुटी असते. तो सोमवार आणि आदला रविवार हे उत्सवाचे दोन दिवस. रविवार मुलांचा आणि घरच्या सगळ्यांचा, सोमवार मोठ्यांचा, अशी वाटणी रूढ आहे. दोन दिवसांत मिळून सुमारे २० लाख लोक येतात असे सांगितले जाते, आणि युरोपातील सर्वांत मोठ्या रस्त्यावरच्या उत्सवांत त्याची गणना होते.

‘कॅरिबियन उत्सव’ म्हटले की तो कुठल्यातरी बेटावरून जसाच्या तसा उचलून लंडनला आणला असेल, असा समज होतो. तसे नाही. त्रिनिदाद आणि जमैका यांच्यात जवळपास १८०० किलोमीटरचा समुद्र आहे. एकाकडे मिरवणूक, सोंगे आणि स्टीलपॅन हे वाद्य. दुसऱ्याकडे रेगे संगीत आणि मोठमोठ्या स्पीकरांवर रेकॉर्ड वाजवणाऱ्या साउंड सिस्टिम. या दोन परंपरा एका रस्त्यावर आल्या त्या लंडनमध्ये, आणि त्याही सहजासहजी नव्हे.

मिरवणुकीचा धागा त्रिनिदादचा. १७८३ साली स्पेनच्या राजाने कॅथलिक वसाहतवाल्यांना या बेटावर जमिनी देऊ केल्या, तेव्हा फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह तेथे आले. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधी मुखवटे घालून मेजवान्या झोडण्याची त्यांची रीत होती. गोव्यातला इंत्रुज याच कॅथलिक पंचांगातला. त्रिनिदादमध्ये या नाचांत गुलामांना जागा नव्हती. गुलामगिरी रद्द करणारा ब्रिटिश कायदा १८३४ मध्ये अमलात आला आणि १८३८ मध्ये प्रत्यक्ष सुटका झाली, तेव्हा मोकळ्या झालेल्या लोकांनी हा सण दिवाणखान्यातून रस्त्यावर ओढला. मालकांच्या नकला, शिंगवाले सैतान, उंच काठ्यांवर चालणारे मोको जम्बी, आणि उसाच्या फडाला लागणाऱ्या आगीची आठवण ठेवून काढलेली मशालींची ‘कॅनबुले’ मिरवणूक. १८८१ मध्ये ही मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि बेटाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोठी हाणामारी झाली. पुढे १८८४ च्या कायद्याने ढोलांवर बंधने आली. ढोल गेले म्हणून लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूनंतर बिस्किटांचे डबे आणि कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे आली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा आणि त्यावर निरनिराळ्या सुरांचे खळगे पाडायचे, हे तंत्र बसले आणि स्टीलपॅन तयार झाले. सरकारी बंदीने संगीताला इतके मोठे वाद्य मिळवून दिल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातले कॅरिबियन प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. युद्धानंतर ब्रिटनला मनुष्यबळ हवे होते. बस, रेल्वे, इस्पितळे यांत ही माणसे कामाला लागली. राहायला जागा मात्र कोणी देईना. नॉटिंग हिल तेव्हा पडक्या घरांचा, एकेका खोलीत कुटुंबे कोंबून भाडे उकळणाऱ्या घरमालकांचा भाग होता, म्हणून तेथे त्यांना आसरा मिळाला. १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी त्रिनिदादचा निवडक स्टीलपॅन वादकांचा ताफा लंडनला आला. बाकीचे परतले, स्टर्लिंग बेटनकोर्ट हा वादक मागे राहिला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

१९५८ च्या ऑगस्टअखेरीस नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियन रहिवाशांवर अनेक रात्री हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स यांनी कार्निव्हल करायचे ठरवले. त्या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या. अमेरिकेने त्यांना तुरुंगात टाकून १९५५ मध्ये देशाबाहेर काढले, आणि लंडनला आल्यावर १९५८ मध्ये त्यांनी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र सुरू केले. ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. लंडनच्या जानेवारीत मिरवणूक काढणे अशक्य, त्यामुळे तो सभागृहातच झाला. बीबीसीने त्याचे चित्रण दाखवले. दंगलीच्या खटल्यांत ज्यांना दंड झाले होते त्यांच्या मदतीसाठी उत्पन्नाचा काही भाग दिला गेला. निरनिराळ्या सभागृहांतून असे कार्यक्रम पुढची काही वर्षे झाले. १९६४ च्या डिसेंबरात जोन्स वारल्या. हायगेट स्मशानभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी त्यांची कबर आहे.

रस्त्यावरच्या उत्सवाची सुरुवात वेगळ्याच घरातून झाली. रोन लॅस्लेट या नॉटिंग हिलमधल्या समाजसेविकेने १९६६ मध्ये गल्लीतल्या मुलांसाठी जत्रा भरवली. आयरिश, आफ्रिकी, युक्रेनियन, कॅरिबियन, कोणत्याही घरातले मूल यावे, वेष करावा, खेळावे, एवढाच हेतू. वाजवायला त्रिनिदादचे पियानोवादक आणि पॅनवादक रसेल हेंडरसन यांचा छोटा ताफा बोलावला होता. त्यात बेटनकोर्टही होते. जत्रा थोडी मंदावली तेव्हा हेंडरसन यांनी पॅन गळ्यात अडकवलेल्या साथीदारांना घेऊन वाजवत वाजवत रस्ता धरला. मुले मागे निघाली, मुलांमागे आया, आणि त्रिनिदादहून आलेल्या ज्यांना ज्यांना तो आवाज ओळखीचा वाटला ते घराबाहेर पडले. मार्ग ठरलेला नव्हता.

जनक कोण, जोन्स की लॅस्लेट, हा वाद आजही चालतो. पोर्टोबेलो रोड आणि टॅव्हिस्टॉक रोड मिळतात तेथे दोघींच्या नावाचे निळे फलक लावलेले आहेत, आणि तो वादाचा बऱ्यापैकी शहाणा निकाल म्हणता येईल. जोन्स यांचा कार्यक्रम सभागृहातला आणि राजकीय. लॅस्लेट यांची जत्रा रस्त्यावरची आणि मुलांची. रविवारच्या बालमिरवणुकीला नंतर जोडलेली सोय समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की रस्त्यावरच्या उत्सवात मुले आधी आली आणि मोठे त्यांच्यामागे.

आजचे रूप मात्र १९७३ नंतरचे. त्या वर्षी लेस्ली पामर या त्रिनिदादच्या तरुण शिक्षकाने सूत्रे हाती घेतली. तोवर उत्सव रोडावला होता. त्यांनी वेषधारी पथके वाढवली, प्रायोजक मिळवले आणि मार्ग लांबवला. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे मिरवणुकीच्या कडेने, ठरलेल्या जागी साउंड सिस्टिमना परवानगी. किंग्स्टनच्या गल्ल्यांत माणसाएवढे स्पीकर रचून रेकॉर्ड वाजवायची ही जमैकन पद्धत. लंडनमध्ये जन्मलेल्या कॅरिबियन मुलांना कॅलिप्सो या त्रिनिदादच्या गायनप्रकारापेक्षा हीच जवळची होती. मूळ कार्निव्हल या स्पीकरांच्या भिंतींच्या दणक्यात बुडेल अशी जुन्या त्रिनिदादवाल्यांची तक्रार होती, आणि ती अगदी निराधार नव्हती. पण गर्दी वाढली ती यामुळेच. आता उत्सवाची पाच अंगे मानली जातात: वेषधारी पथकांचे ‘मास’, स्टीलपॅन, कॅलिप्सो, त्यातूनच निघालेला सोका आणि एका जागी उभ्या साउंड सिस्टिम. ‘चॅनल वन’ आणि ‘अबा शांती-आय’ यांच्यासारख्या सिस्टिमचे कोपरे जुन्या लोकांना तोंडपाठ असतात.

उत्सवाआधी शनिवारी संध्याकाळी स्टीलपॅन ताफ्यांची ‘पॅनोरमा’ स्पर्धा होते. रविवारी पहाटे ‘जूव्हे’: रंग, पावडर, चॉकलेट अंगाला फासून नाचणारा घोळका. जुने कपडे घालूनच जावे. मग लहान मुलांची पथके निघतात. त्यांचे वेष तारा, कापड, पिसे, टिकल्या यांचे, आणि ते आधीचे कित्येक महिने ‘मास कॅम्प’मध्ये बनतात. मास कॅम्प म्हणजे कोणाचे घर, समाजमंदिर, गोदाम. तेथे आज्या, मावश्या आणि शाळकरी मुली एकाच टेबलाभोवती शिवत बसतात. तार वाकवायची कशी, पाठीवरचे पंख तोलायचे कसे, हे शिक्षण पुस्तकात नाही. मार्ग साधारण साडेपाच किलोमीटरचा. ग्रेट वेस्टर्न रोड, चेपस्टो रोड, वेस्टबोर्न ग्रोव्ह, लॅडब्रोक ग्रोव्ह असा फिरतो. परीक्षकांसमोरून जाताना प्रत्येक पथक आपला सर्वांत मोठा देखावा उभा करते. तान्ह्या मुलांच्या कानांना आवाजरोधक लावून आलेले आईबाप रविवारी पुष्कळ दिसतात. सोमवारची गर्दी दाट आणि पेये कडक. लहानग्यांना घेऊन जायचे तर रविवारच बरा.

खाण्यापिण्यात पुन्हा तेलाचे पिंप भेटते. जर्क चिकन भाजण्यासाठी ते उभे चिरून, बिजागऱ्या लावून त्याची शेगडी करतात. ऑलस्पाइस आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा मसाला जमैकाचा. त्याच्या शेजारच्या गाड्यावर त्रिनिदादचे ‘डबल्स’ असतात: हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले बारे आणि मध्ये चण्यांची उसळ. बोकडाच्या मटणाची करी आणि रोटी तर सगळीकडेच. हा हिंदुस्थानी वारसा गिरमिटियांचा, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचा. ‘फतेल रझाक’ हे त्यांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोहोचले. हे मजूर मुख्यतः कलकत्ता बंदरातून गेलेले, भोजपुरी पट्ट्यातले. मराठी मजुरांची वस्ती झाली ती मॉरिशसमध्ये. त्यामुळे कार्निव्हलमधल्या हिंदुस्थानी खुणा ओळखीच्या वाटल्या तरी त्या उत्तरेकडच्या आहेत. १९७० च्या दशकात त्रिनिदादच्या लॉर्ड शॉर्टी यांनी कॅलिप्सोत हिंदुस्थानी ताल मिसळून सोका घडवला, आणि आज मिरवणुकीच्या ट्रकवर वाजते ते बहुतेक हेच.

बातम्यांत मात्र हा उत्सव बहुधा पोलिसांच्या आकड्यांतून येतो. १९७६ मध्ये सुमारे ३००० पोलिस तैनात केले गेले आणि सोमवारी त्यांच्यात आणि कृष्णवर्णीय तरुणांत मोठा संघर्ष झाला. शंभराहून अधिक पोलिस जखमी झाले. त्याआधी ऑल सेंट्स रोडवरच्या ‘मँग्रोव्ह’ या फ्रँक क्रिचलो यांच्या उपाहारगृहावर वारंवार छापे पडले होते. निषेध मोर्चाबद्दल ज्या नऊ जणांवर खटला चालला, ते १९७१ मध्ये दंगलीच्या आरोपातून सुटले. ते उपाहारगृह कार्निव्हलवाल्यांचा अड्डाच होते. अलीकडे रोज सुमारे ७००० पोलिस असतात. चाकूहल्ले झाले आहेत, जीवही गेले आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लाखोंच्या गर्दीच्या हिशेबात हे आकडे क्वचितच मांडले जातात. अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी होण्याचा धोका त्याहून खरा आहे, आणि २०२५ मध्ये सुरक्षेसाठी लंडनच्या महापौरांच्या प्रशासनाने आणि दोन स्थानिक परिषदांनी जवळपास १० लाख पौंड दिले ते मुख्यतः त्याच काळजीने. आता येथली घरे लंडनमधल्या महागड्या घरांत मोडतात. उत्सवाच्या आठवड्यात त्यांच्या दारे-खिडक्यांवर प्लायवूड ठोकले जाते, मालक बाहेरगावी जातात. उत्सव उद्यानात हलवा अशी सूचना अधूनमधून येते आणि दरवेळी फेटाळली जाते. २०१७ साली जळालेला ग्रेनफेल टॉवर याच परिसरातला. त्यात गेलेल्या ७२ जणांसाठी दुपारी ३ वाजता सगळे स्पीकर ७२ सेकंद बंद ठेवतात.

याच सुमारास अन्यत्रही असे उत्सव उभे राहिले. लीड्समध्ये सेंट किट्स आणि नेव्हिसच्या आर्थर फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९६७ पासून मिरवणूक निघते. कॅरिबियन लोकांनी स्वतः चालवलेला युरोपातला पहिला रस्त्यावरचा कार्निव्हल तो आपलाच, असे लीड्सवाले सांगतात, आणि १९६६ ची जत्रा भरवणाऱ्या लॅस्लेट कॅरिबियन नव्हत्या हे पाहता त्यांचे म्हणणे सहज खोडता येत नाही. टोरांटोतला कॅरिबाना कॅनडाच्या शताब्दीनिमित्त त्याच वर्षी सुरू झाला. तेथे बालकार्निव्हल वेगळ्या दिवशी भरतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सप्टेंबरच्या कामगार दिनी ईस्टर्न पार्कवेवर मिरवणूक निघते. मुखवट्यांच्या मूळ सणाचा फेब्रुवारी-मार्चचा मुहूर्त या चारही शहरांनी थंडीपायी सोडला.