वेष्टनावर न छापलेला आकडा

ऊर्जा 300 किलोकॅलरी, प्रथिने 3 ग्रॅम, कर्बोदके 79 ग्रॅम, त्यांपैकी साखर 65 ग्रॅम, स्निग्धांश अर्धा ग्रॅम. एवढाच मजकूर असलेली एक चिठ्ठी एप्रिलमधल्या एका संध्याकाळी नाशिकच्या आमच्या घरी हातोहात फिरत होती. पाकिटामागचा पोषणमूल्यांचा तक्ता चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा, पदार्थाचे नाव आणि घटकांची यादी गाळायची आणि उरलेल्या आकड्यांवरून पदार्थ ओळखायचा, असा हा खेळ आहे. भाच्याने ‘खडीसाखर’ म्हणून सांगितले, आईने ‘मध’ म्हटले आणि निफाड तालुक्यात माहेर असलेल्या वहिनीने क्षणभर विचार करून ‘बेदाणे’ असे उत्तर दिले. उत्तर वहिनीचे बरोबर होते, पण आईचे उत्तर किती थोडक्यात हुकले होते, हे समजून घेण्यात या खेळाचे सगळे शास्त्र आले.

तक्त्यातले आकडे 100 ग्रॅम पदार्थासाठी असतात. म्हणून चिठ्ठी हाती येताच प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्धांश यांची बेरीज करावी आणि ती 100 मधून वजा करावी. जे उरते त्यात थोडे क्षार असतात आणि बाकी बहुतेक पाणी असते. पाण्याचा आकडा तक्त्यात छापलेला नसतो, तरी पदार्थाची ओळख पटवण्यात त्याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नाही, असे माझे मत झाले आहे. खडीसाखरेत कर्बोदकेच जवळजवळ 100 ग्रॅम असतात, पाण्याला जागाच उरत नाही. त्यामुळे भाच्याचे उत्तर या एका वजाबाकीत बाद झाले. मधात मात्र कर्बोदके सुमारे 82 ग्रॅम आणि पाणी सुमारे 17 ग्रॅम असते, ऊर्जाही 300 च्या आसपासच येते. म्हणजे पातळ, ओघळणारा मध आणि चिवट बेदाणा हे कागदावर जवळजवळ जुळे भाऊ आहेत. त्यांना वेगळे करतो तो प्रथिनांचा आकडा: फळाच्या गरात आणि सालीत असलेली प्रथिने बेदाण्यात 3 ग्रॅमपर्यंत भरतात, मधात ती अर्धा ग्रॅमही नसतात. तंतुमय पदार्थांचा आकडा दिलेला असेल, तर तोही बेदाण्याच्याच बाजूने साक्ष देतो.

बेदाण्याची चिठ्ठी नाशिककरांनी थोडी अधिक वेळ हातात धरावी अशी आहे. ताज्या द्राक्षात 100 ग्रॅममागे सुमारे 80 ग्रॅम पाणी आणि 18 ग्रॅम कर्बोदके असतात. बेदाण्यातल्या 79 ग्रॅमना या 18 ने भागले, तर उत्तर सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान येते. आणि एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षे लागतात, हा हिशेब तर बागाईतदारांच्या तोंडी असतोच. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, तो पाण्याला सहजासहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून रॅकवर सावलीत पसरतात. त्या थराची अडवणूक सैल होते आणि पाणी लवकर उडून जाते. साखर आहे तिथेच राहते. चिठ्ठीवरच्या ‘वरून घातलेली साखर शून्य’ या ओळीचा अर्थ एवढाच, की साखर वेलीवरच तयार झालेली आहे.

दुसरी तपासणी ऊर्जेची. एक ग्रॅम प्रथिनांपासून आणि एक ग्रॅम कर्बोदकांपासून प्रत्येकी 4 किलोकॅलरी, तर एक ग्रॅम स्निग्धांशापासून 9 किलोकॅलरी धरतात. हे गुणक विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून आले आणि आजही जगभरचे तक्ते बहुधा त्यांवरच उभे आहेत. त्यामुळे ऊर्जेचा आकडा सहसा स्वतंत्र माहिती देत नाही, तो बाकीच्या ओळींवरून साधारणपणे काढता येतो. टोन्ड दुधात 3 ग्रॅम स्निग्धांश, सुमारे 3 ग्रॅम प्रथिने आणि पावणेपाच ग्रॅम कर्बोदके असतात. गुणाकार करून पाहिले, तर 58 च्या आसपासचा आकडा पिशवीवर सापडतोच. याच हिशेबातून हेही कळते, की 100 ग्रॅममागे 900 पेक्षा जास्त किलोकॅलरी कोणत्याही खाद्यपदार्थाच्या चिठ्ठीवर येऊ शकत नाहीत, कारण 900 म्हणजे शंभर टक्के स्निग्धांश.

तेल आणि तूप दोन्ही त्या टोकाला बसलेले असतात. तिथे संपृक्त मेदाची ओळ उपयोगी पडते: खोबरेल तेलात तो 100 तले जवळजवळ 90 ग्रॅम असतो, तुपात साठाच्या आसपास, पाम तेलात निम्म्याच्या जवळ, शेंगदाण्याच्या तेलात विसाच्या आत-बाहेर आणि सूर्यफुलाच्या तेलात दहा-बारा. कोलेस्टेरॉल दिसले की ते तूप, कारण वनस्पती तेलांत ते नगण्य असते. मला या ओळीचा खरा उपयोग फरसाण आणि वेफर्सच्या पाकिटांवर वाटतो. एकूण स्निग्धांश 34 ग्रॅम आणि त्यातला संपृक्त मेद 15 ग्रॅम असेल, तर तळण पाम तेलातले असण्याची शक्यता मोठी. तोच आकडा 4 असेल, तर सूर्यफुलासारखे तेल असावे. पाकिटावरची चित्रे काहीही सांगोत, हे गुणोत्तर कढईपर्यंत नेऊन सोडते.

उडदाच्या पापडाने आम्हाला बराच वेळ अडवले होते. प्रथिने 23 ग्रॅम आणि स्निग्धांश अगदी कमी, यावरून सगळे डाळीपर्यंत पोहोचले, पण सोडियम दीड हजार मिलिग्रॅमच्या वर होते आणि नुसत्या डाळीत इतके सोडियम कुठून येणार? सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो, म्हणजे 100 ग्रॅममागे जवळपास चार ग्रॅम मीठ. अर्थात पापडखार सोडियमचाच क्षार असल्याने त्यातला काही वाटा त्याचाही असतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांत दिवसाला 2,000 मिलिग्रॅम सोडियम ही तुलनेची पातळी धरलेली आहे, ती या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

हे आकडे मोजतात कसे, हेही ठाऊक असावे, कारण खेळातले काही पेच तिथूनच येतात. प्रथिने थेट मोजली जात नाहीत. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये मांडलेल्या पद्धतीने पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला सहसा 6.25 ने गुणतात. याच पळवाटेचा गैरफायदा घेऊन 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले आणि हजारो बालकांना मूत्रपिंडाचे विकार जडले. कर्बोदकांचा आकडा तर अनेकदा आमच्या वजाबाकीसारखाच, बाकीचे सगळे वजा करून काढलेला असतो. ॲटवॉटरचे गुणकही सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत: 2012 मध्ये अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी माणसांवर केलेल्या प्रयोगात 28 ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे 129 किलोकॅलरीच मिळाल्या, हिशेबाने त्या 170 च्या घरात असायला हव्या होत्या. दाताखाली न फुटलेल्या पेशींतला स्निग्धांश पचनातून निसटतो.

शेवटी आम्ही खेळ उलटा फिरवला आणि घरच्या चिवड्याचा तक्ता तयार केला. अर्धा किलो पातळ पोहे, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर ग्रॅम डाळे, शंभर ग्रॅम तेल, वीस ग्रॅम पिठीसाखर आणि पंधरा ग्रॅम मीठ, असे सगळे वजनकाट्यावर मोजले. स्निग्धांशाचा हिशेब आश्चर्य वाटावे असा निघाला: तेलाचे शंभर ग्रॅम तर होतेच, पण शेंगदाण्यांचे वजनाने जवळजवळ निम्मे, म्हणजे सत्तरहून अधिक ग्रॅम त्यांत मिळाले. शंभर ग्रॅम चिवड्याला भागून स्निग्धांश सुमारे 21 ग्रॅम, प्रथिने साडेदहा, कर्बोदके पंचावन्नच्या आसपास, सोडियम साडेसहाशे मिलिग्रॅमच्या थोडे वर आणि ऊर्जा साधारण 450 किलोकॅलरी आली. ती चिठ्ठी नाव न लिहिता शेजारच्या काकूंना दिली, तेव्हा त्यांनी ‘बाकरवडी’ असे सांगितले. मग आईने बोट ठेवले ते साखरेच्या ओळीवर. बाकरवडीच्या सारणात गोडवा असतो, आणि इथे शंभर ग्रॅममागे साखर तीन-चार ग्रॅमच होती. काकूंनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली आणि या वेळी बेरजेपासून सुरुवात केली.