सॉलिड की पर्ल? बॉल किती वळतो यापेक्षा कुठे वळतो ते पाहा

टेनपिन बोलिंगचा स्वतःचा पहिला चांगला बॉल घ्यायला गेलं की एक पेच हमखास पडतो. एकाच नावाचे, आत एकच कोअर (वजनाचा गाभा) असलेले दोन बॉल शेजारी ठेवलेले असतात. एक सॉलिड, दुसरा पर्ल. किंमतही जवळपास सारखीच. फरक विचारला तर ठरलेलं उत्तर मिळतं: सॉलिड जास्त हुक होतो (म्हणजे वळतो), पर्ल कमी. हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि त्याच्या भरवशावर घेतलेला बॉल पुष्कळदा चार महिन्यांत कपाटात जाऊन पडतो. दोन्ही बॉल भरपूर वळू शकतात. खरा फरक आहे तो लेनवर कुठे वळतात आणि किती अचानक वळतात यात.

आधी ते बनतात कशाचे ते पाहू. दोन्हींचा बाहेरचा थर, म्हणजे कव्हरस्टॉक, रिअॅक्टिव्ह रेझिनचा असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मटेरियल आलं आणि खेळ बदलला. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रं असतात. ती लेनवरचं ऑइल शोषतात, त्यामुळे कोरड्या भागावर बॉलला पकड मिळते. पर्लमध्ये याच रेझिनमध्ये अभ्रकासारखी चमक देणारी पूड मिसळतात, सॉलिडमध्ये ती नसते. उजेडात बॉल फिरवला की कळतं. पर्लच्या रंगात आतून झाक दिसते, सॉलिडचा रंग सपाट आणि गडद. दोन्ही मिसळून केलेला तो हायब्रिड. इथे एक सावधगिरी हवी: ‘पर्ल’ लिहिलेला प्रत्येक बॉल रिअॅक्टिव्ह नसतो. हॅमर कंपनीचा पर्पल पर्ल हा युरेथेनचा, म्हणजे रिअॅक्टिव्हच्या आधीच्या मटेरियलचा बॉल आहे. त्याची चाल अगदी वेगळी, लवकर पकडणारी आणि शेवटी मऊ. नावातला एक शब्द वाचून तो घेतला तर पर्लकडून जे हवं असतं त्याच्या नेमकं उलट हाती येतं.

कारखान्यातून येताना मटेरियलसोबत आणखी एक फरक येतो, तो म्हणजे फिनिश. सॉलिड बहुतेक वेळा २००० किंवा ३००० ग्रिटच्या (आकडा लहान तितकी खरखर जास्त) पॅडने घासलेला, मंद दिसणारा असतो, तर पर्ल पॉलिश केलेला. म्हणजे दुकानात आपण एकाच वेळी दोन गोष्टींची तुलना करत असतो आणि श्रेय मात्र एकीलाच देतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

आता लेन. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदीत ३९ बोर्ड, म्हणजे लांबट अरुंद पट्ट्या. नेहमीच्या हाउस पॅटर्नमध्ये, म्हणजे रोजच्या खेळासाठी ऑइल पसरण्याच्या पद्धतीत, साधारण ४० फुटांपर्यंत ऑइल असतं. मधल्या बोर्डांवर दाट, कडेला पातळ. त्यापुढचा भाग कोरडा. बॉल आधी घसरतो, मग वळतो आणि शेवटी सरळ लोळतो. एकदा लोळायला लागला की वळणं संपलं. हाताने दिलेली बाजूची फिरकी घर्षणात खर्च होते, आणि ती कुठे खर्च करायची यावरच सॉलिड आणि पर्लची फारकत होते.

सॉलिड ऑइलमध्ये असतानाच थोडं थोडं घर्षण घेतो. लेनच्या मधल्या भागात त्याचं वळण सुरू होतं आणि पुढे ते गोलसर, सलग राहतं. पर्ल ऑइलवरून फारसं काही खर्च न करता पुढे जातो आणि कोरडा भाग लागताच झटकन दिशा बदलतो. सॉलिडची चाल धनुष्यासारखी, तर पर्लची हॉकी स्टिकसारखी. वळण्याची जागा ठरवायला ३१चा नियम हाताशी ठेवावा: ऑइलच्या लांबीतून ३१ वजा करायचे. ४० फुटांच्या पॅटर्नवर बॉलचं सगळ्यात बाहेरचं टोक साधारण ९व्या बोर्डाजवळ यावं. (बोर्ड उजवीकडून मोजले आहेत, पुढचं सगळं उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.) टोक ९वर आणून सॉलिड टाकला तर तो तिथे पोचण्याआधीच थोडा कलायला लागलेला असतो. पर्ल तिथपर्यंत सरळ जातो आणि मग मोडतो.

‘जास्त-कमी’च्या हिशेबातली मोठी फसगत इथे होते. लेन कोरडी पडली असेल तर सॉलिड पर्लपेक्षा कमी वळताना दिसतो. त्याची पकड सुटलेली नसते, उलट ती फार लवकर लागलेली असते. ३० फुटांच्या आतच फिरकी संपते आणि पिनपर्यंत पोचतो तो नुसता लोळणारा, दमलेला बॉल. लोक म्हणतात, बॉल वळत नाहीये, आणि आणखी खरखरीत फिनिश करून आणतात. त्याने दुखणं वाढतं. उलट ताज्या, दाट ऑइलवर पर्ल कोरड्यापर्यंत घसरत जातो आणि वळायला जागाच उरत नाही. तेव्हा ‘पर्ल कमी हुक होतो’ हे खरं वाटतं, पण ते त्या ऑइलपुरतं.

नजर वळणावर ठेवू नका, पिनवर ठेवा. नीट पॉकेटमध्ये (१ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या जागेत) गेलेला बॉल स्वतः फक्त चार पिना पाडतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. बॉल साधारण १७.५ बोर्डावर, ६ अंशांच्या आसपासच्या कोनात आत शिरला तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात चांगली. कोन फार कमी असला किंवा बॉल थकलेला असला तर तो १ आणि ३वर आपटून उजवीकडे ढकलला जातो आणि ५ किंवा ९ त्याच्या हाती लागत नाहीत. ५-७ किंवा ८-१० अशी फूट (स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून दूर उरलेल्या पिना) उरते ती बहुधा यातूनच.

१० नंबरची पिन एकटी उरली तर तिच्याशेजारी ६ नंबरचं काय झालं ते पाहा. ६ सुस्तपणे गटरमध्ये आडवी पडली असेल तर बॉल जोर संपून आला. हातात सॉलिड असेल आणि दोन-तीन गेम झालेले असतील तर कारण जवळजवळ नक्की: पुढच्या भागातलं ऑइल उडालंय. दोन-तीन बोर्ड डावीकडे सरकून ऑइलमधून खेळा, नाहीतर पर्ल काढा. पण ६ नंबर वेगाने उडून १०च्या मानेभोवतून फिरून गेली असेल तर बॉलमध्ये जोर भरपूर होता, वळण थोडं उशिरा लागलं. पर्ल हातात असताना हे जास्त दिसतं. तिथे बॉल बदलू नका. वेग किंचित कमी करा किंवा पाऊलभर बाजूला सरका. दोन्ही वेळा स्कोअरबोर्डवर ९च दिसतात, उपाय मात्र उलटे. बॉलची पारख करताना स्कोअरपेक्षा ६ नंबरची पिन जास्त खरं सांगते.

पर्लचा आणखी एक स्वभाव आहे, जो विकताना कुणी सांगत नाही. मध्ये दाट आणि बाहेर कोरडं असं तीव्र अंतर असलेल्या लेनवर तो दुटप्पी वागतो. नेम एक बोर्ड आत गेला तर बॉल घसरत राहतो आणि हेडपिन (१ नंबर) चुकतो. एक बोर्ड बाहेर गेला तर झटकन मोडून थेट नाकावर आदळतो आणि फूट पडते. सॉलिड हे अंतर बुजवतो. ज्याचा नेम अजून दोन-तीन बोर्डांत फिरतो त्याला सॉलिडवर चुका परवडतात, पर्लवर नाही. आमच्या मते निवड करताना हुकच्या लांबीपेक्षा या गोष्टीला जास्त वजन द्यावं.

आता फिनिश. पर्ल १००० ग्रिटने घासला आणि सॉलिड पॉलिश केला तर त्या दोघांची चाल अदलाबदल झाल्यासारखी वाटते. पॉलिश केलेला सॉलिड बराच पुढे जातो, घासलेला पर्ल लवकर पकडतो. तरी मूळ स्वभाव पूर्ण पुसला जात नाही. शेवटच्या टप्प्यात पर्ल थोडा चपळ आणि सॉलिड थोडा शांत राहतोच. म्हणून मित्राचा पर्ल टाकून पाहून मत बनवण्याआधी त्याच्या पृष्ठभागावर शेवटचा हात कधी आणि कशाने फिरला ते विचारा. फॅक्टरी फिनिश फार काळ टिकत नाही. २०००ची खरखर पहिल्या काही गेममध्येच गुळगुळीत व्हायला लागते, आणि पंधरा-वीस गेमनंतर सॉलिड ‘मेला’ म्हणतात तो बहुधा नुसता चकाकलेला असतो.

घासायची पद्धत सोपी आहे, पण अर्धवट केली तर काहीच हाती लागत नाही. पॅड ओला करा, बॉल स्पिनरवर (बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर) ठेवा, मध्यम दाबाने साधारण ३० सेकंद घासा, मग बॉल फिरवून असं चार बाजूंनी करा. खरी २००० हवी असेल तर ५००पासून सुरुवात करून १००० आणि मग २०००. झिजलेल्या पॅडची २००० ही प्रत्यक्षात बरीच बारीक असते, हे विसरू नका. स्पिनर नसेल तर हाताने सहा बाजूंनी घासावं, फक्त दाब सगळीकडे सारखा हवा. यूएसबीसी या अमेरिकी नियामक संस्थेच्या स्पर्धांत खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासता येत नाही, आणि खेळताना बॉल पुसायला फक्त कोरडा टॉवेल चालतो. तेव्हा फिनिश काय ठेवायचं ते सरावाच्या वेळीच ठरवा.

सॉलिड-पर्लची तुलना कोअर एकच असेल तरच अर्थाची. बॉलच्या माहितीत दोन आकडे दिलेले असतात. आरजी, म्हणजे बॉलचं वजन मध्यापासून किती दूर पसरलंय याचं माप, यूएसबीसीच्या नियमाने २.४६ ते २.८० इंचांमध्ये असावा लागतो. तो कमी तितका बॉल लवकर फिरकी पकडतो. डिफरन्शियल, म्हणजे बॉलच्या वेगवेगळ्या अक्षांवरच्या आरजींमधला फरक, कमाल ०.०६०. तो जास्त तितका बॉल दर फेरीला नवा, कोरडा पृष्ठभाग लेनला देतो. स्टॉर्म कंपनीचा फेझ टू सॉलिड आणि सिमेट्रिक (सममित कोअरचा), १५ पाउंडात आरजी २.४८, डिफरन्शियल ०.०५१. हॅमरचा ब्लॅक विडो २.० हाही सॉलिडच, पण कोअर असिमेट्रिक (असममित), २.५० आणि ०.०५८. हे दोन्ही सॉलिड असूनही एकसारखे चालत नाहीत. वेगळ्या कोअरचा पर्ल आणि सॉलिड शेजारी टाकून निघालेला निष्कर्ष कव्हरचा की कोअरचा हे कळतच नाही. हलक्या वजनाचा, १२-१३ पाउंडांचा बॉल घेणाऱ्यांनी तर त्या वजनाचे आकडे वेगळे पाहावेत, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये हलक्या बॉलला दुसराच कोअर घातलेला असतो.

मग पहिला कोणता? तुमचा वेग जास्त आणि फिरकी कमी (मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आत) असेल तर सॉलिड, नाहीतर बॉल वळायच्या आत पिन येतात. वेग कमी आणि फिरकी ४००च्या वर असेल तर पर्ल, नाहीतर सॉलिडची फिरकी मध्येच संपते. मधल्या लोकांनी मध्यम ताकदीचा, सिमेट्रिक कोअरचा सॉलिड ३००० फिनिशवर घ्यावा. तो नेम शिकवतो, आणि लेन कोरडी झाली तर पॉलिश करून पुढे नेता येतो. पर्ल दुसरा. संध्याकाळच्या लीगमध्ये दीड-दोन गेमनंतर बहुतेकांना तोच काढावा लागतो. जिथे लेनला रोज ऑइल लागत नाही, मुख्यतः हौशी गर्दी खेळते अशा मॉलमधल्या लेनवर मात्र हा क्रम उलटा करा: तिथे सॉलिड पहिल्या दहा मिनिटांतच थकतो.

जुना बॉल घेत असाल तर बोटांच्या भोकांच्या मधल्या भागावर नख फिरवून केसासारखी भेग आहे का बघा. सॉलिड असेल तर तो पुन्हा घासून जिवंत होतो. पर्ल मात्र पॉलिश असूनही शेवटी मोडत नसेल, तर छिद्रांत ऑइल साचलेलं असतं आणि नुसत्या पॉलिशने ते जात नाही. भोकं टेपने बंद करून ५० अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, वर आलेलं ऑइल पुसून काढा आणि थेंब यायचे थांबेपर्यंत पुन्हा करा. ओव्हन किंवा हेअर ड्रायर वापरू नका, कव्हर तडकतं. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत बॉल ठेवल्यावरही तेच होतं, मग तो सॉलिड असो की पर्ल.