फाइल जागची हलत नाही

नवी पेठेतल्या एका व्हिडिओ स्टुडिओत लग्नाचं शूटिंग न्यायला आलेल्या गृहस्थांना काउंटरवरचा मुलगा समजावत होता, "कट-पेस्टच करून घ्या की ओ, कापी केलं तर क्वालिटी उतरतंय." गृहस्थांनी मान डोलावली. मागे उभ्या असलेल्या दोघांनीही डोलावली.

हा समज कॅसेटच्या जमान्यातला आहे आणि तेव्हा तो खराही होता. कॅसेटवरून दुसरी कॅसेट, दुसरीवरून तिसरी भरली की दर वेळी खरखर वाढायची. फितीवर सलग लहर नोंदलेली असते. नक्कल करताना यंत्राचा स्वतःचा गोंगाट तिच्यात मिसळतो आणि मग मूळ आवाज कुठला, खरखर कुठली, हे वेगळं काढता येत नाही. फाइलमध्ये मात्र ० आणि १ एवढेच दोन आकडे. थोडा गोंगाट आला तरी ० हा ० म्हणूनच वाचला जातो आणि पुढे लिहिताना स्वच्छ ० लिहिला जातो. म्हणून शंभरावी कॉपी पहिलीइतकीच चोख. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मळकट दिसतो, तो कॉपीचा दोष नाही. पाठवण्याआधी अ‍ॅप तो दाबून लहान करतं.

विश्वास नसेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'गेट-फाइलहॅश' (Get-FileHash) ही आज्ञा मूळ फाइलवर आणि कॉपीवर चालवून बघा. दोन्हीकडून फाइलच्या आतल्या आकड्यांवरून काढलेला ६४ अक्षरांचा ठसा मिळेल, आणि तो अक्षर न् अक्षर सारखा असेल. अडीच तासांच्या व्हिडिओत एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो.

पण त्या मुलाच्या बोलण्यातली खरी गंमत 'क्वालिटी'त नाही, 'कट'मध्ये आहे. कट केलं की मूळ फाइलच उचलून पलीकडे जाते, असं त्याला वाटतं. तुम्हालाही वाटत असेल. कॉम्प्युटरमध्ये फाइल उचलून नेण्याची सोयच नाही. तिथे दोनच गोष्टी होतात: नोंद बदलते, किंवा नक्कल होऊन मूळ पुसलं जातं.

स्टुडिओतला ४० जीबीचा फोल्डर डी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवरच दुसऱ्या फोल्डरात टाका. पापणी लवायच्या आत काम होतं. तोच पेन ड्राइव्हवर टाकायला घ्या आणि पेन ड्राइव्ह सेकंदाला २० एमबी लिहिणारा असेल, तर ४०,००० भागिले २०, म्हणजे २,००० सेकंद. तेहतीस मिनिटं. फोल्डर तोच, मग एवढा फरक का?

मोहोळजवळचं शेत विकलं तर कोणी माती ट्रॉलीत भरून नेत नाही. फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, शेत आहे तिथेच राहतं. एकाच ड्राइव्हच्या आत फाइल 'हलवणं' म्हणजे हा फेरफार.

ही नोंद असते तरी कशी, ते जरा जवळून पाहू, कारण मला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत देखणी वाटते. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर दर फाइलमागे ३२ बाइटची एक नोंद असते (एक बाइट म्हणजे आठ बिट). पहिले ८ बाइट नावाचे, पुढचे ३ एक्स्टेन्शनचे. (लांब नाव असेल तर आणखी काही नोंदी जोडल्या जातात.) मग एका बाइटमध्ये फाइल लपवलेली आहे का, ती फाइल आहे की फोल्डर, असली माहिती. मग तारखा आणि वेळा. शेवटचे ४ बाइट आकाराचे. आणि फाइलचा मजकूर, म्हणजे तिच्यातले सगळे ० आणि १, डिस्कवर कुठल्या क्लस्टरपासून (ठरावीक आकाराच्या कप्प्यापासून) सुरू होतो, तो क्रमांक ४ बाइटमध्ये. पण हे चार एका ठिकाणी नाहीत, दोन इथे आणि दोन तिथे. पूर्वीच्या फॅट-१६ मध्ये या क्रमांकाला दोनच बाइट होते. १९९६ मध्ये फॅट-३२ आलं तेव्हा आणखी दोन हवे झाले, आणि जुनी मांडणी न मोडता ते नोंदीतच आधीच्या एका कोपऱ्यात बसवले गेले.

वेळेची गोष्ट तर आणखी मजेशीर. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ १६ बिटांत कोंबायची होती. तासाला ५ बिट, मिनिटाला ६, उरले ५. पाच बिटांत ० ते ३१ एवढेच आकडे मावतात, सेकंद तर साठ. म्हणून दोन-दोन सेकंदांनी मोजायचं ठरलं. फॅट-३२ पेन ड्राइव्हवरच्या कुठल्याही फाइलच्या 'मॉडिफाइड' वेळेतला सेकंदाचा आकडा समच असतो, विषम कधीच नाही.

सुरुवातीचा क्लस्टर कळला की पुढचा कुठला, हे 'फॅट' नावाच्या तक्त्यात असतं: दर क्लस्टरच्या घरात पुढच्या क्लस्टरचा क्रमांक, त्याच्या घरात त्याच्या पुढच्याचा, शेवटच्याच्या घरात 'संपलं' अशी खूण. क्लस्टर ३२ केबीचा धरला तर ४० जीबीत असे १३ लाखांहून जास्त क्लस्टर होतात. हलवताना त्यातल्या एकालाही हात लागत नाही. नव्या फोल्डरात ३२ बाइटची नोंद लिहिली जाते, तिच्यात सुरुवातीच्या क्लस्टरचा तोच क्रमांक असतो, आणि जुन्या नोंदीचा पहिला बाइट बदलून २२९ केला जातो. २२९ म्हणजे 'ही नोंद रद्द'. विंडोजच्या डेस्कटॉपवर हार्ड डिस्क सहसा एनटीएफएस नावाच्या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. त्यातली बांधणी वेगळी, तत्त्व तेच: फाइलच्या नोंदीत 'माझा फोल्डर अमुक' एवढं बदलतं.

डिलीट केलेली फाइल पुष्कळदा परत मिळते ती यामुळेच. डिलीट म्हणजे नोंद रद्द आणि क्लस्टर मोकळे जाहीर. मजकूर मात्र तिथेच पडून असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, ही आशा फारशी नाही. तिथे विंडोज 'हे क्लस्टर आता नकोत' असं डिस्कला कळवतं आणि डिस्क ते सवडीने साफ करून टाकते.

ड्राइव्ह बदलला की फेरफाराचा उपयोग नाही, कारण दुसऱ्या ड्राइव्हचा तक्ता वेगळा. मग सगळा मजकूर तुकड्यातुकड्याने मेमरीत वाचायचा, पलीकडे लिहायचा, आणि लिहून झाल्यावर इकडची नोंद रद्द करायची. म्हणजे काउंटरवरच्या त्या 'कट-पेस्ट'मध्येही पेन ड्राइव्हवर जाते ती कॉपीच. क्रम मात्र आधी नक्कल, मग पुसणं असाच असतो, म्हणून मध्येच लाइट गेली तरी अर्धवट राहिलेली फाइल मूळ जागी शाबूत सापडते. फोल्डर मोठा असेल तर काही फाइली इकडे, काही तिकडे अशी वाटणी होऊ शकते, आणि ती निस्तरणं जिवावर येतं. लग्नाचं शूटिंग आधी कॉपी करावं, उघडून बघावं, मगच मूळ काढून टाकावं.

'कट' दाबल्यावर फाइलचं चित्र फिकट होतं, बस्स. पेस्ट करेपर्यंत काहीही घडलेलं नसतं; मध्ये दुसरंच काही कॉपी केलंत तर तो कट आपोआप रद्द. कट-कॉपी-पेस्ट ही रीत १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी घडवली, ती टाइप केलेल्या अक्षरांसाठी. अक्षरं कट केली की लगेच नाहीशी होतात. फाइल होत नाही.

आता नेहमीची एक तक्रार. ३२ जीबीचा फॅट-३२ पेन ड्राइव्ह रिकामा असतो आणि ५ जीबीची फाइल 'फार मोठी आहे' म्हणून नाकारली जाते. वर सांगितलेले आकाराचे ४ बाइट आठवा. ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. याहून एक बाइट जरी जास्त असेल तर आकार लिहायला जागाच नाही. पेन ड्राइव्ह एक्सफॅट या नंतरच्या पद्धतीने फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो, पण आधी आतलं सगळं काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये ते जातं.

आणि 'इजेक्ट'चा कंटाळा करू नका. लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवून नंतर सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवायची युक्ती कॉम्प्युटर वापरतो. हिरवी पट्टी भरली म्हणजे लिहून झालंच असं नाही, लिनक्सवर तर हा अनुभव हमखास. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ही साठवण मुळातच बंद ठेवलेली असते. तरीही दोन सेकंदांनी कोणाची वरात चुकत नाही.

कॉपी हळू चालली की राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश मारणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. रिफ्रेशने फोल्डरातली यादी पुन्हा वाचून पडद्यावर मांडली जाते, वेग तसूभरही वाढत नाही. खंडेनवमीला सीपीयूची पूजा जरूर करा, पण हळदीकुंकू यूएसबीच्या खाचेपासून लांब असू द्या. असला एक पोर्ट मी टाचणीने कोरून काढला आहे.

त्याहून वाईट भोंदूगिरी म्हणजे पाचशे रुपयांतला '२ टीबी'चा पेन ड्राइव्ह. आत खरी जागा ३२ जीबी असते आणि त्यातली चिप कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं सांगते. जागा संपली की नवा मजकूर जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो. नावं दिसतात, आकार बरोबर दिसतात, कारण नोंदी ठीक आहेत. फाइल उघडत नाही. एकच प्लॉट चौघांना विकल्यासारखं. असा ड्राइव्ह घेतलाच असेल तर तो काठोकाठ भरून, सगळं परत वाचून ठसे जुळवणं एवढीच खात्रीची परीक्षा.

फेरफाराची ही कल्पना आता कॉपीपर्यंतही पोचली आहे. अ‍ॅपलने २०१७ मध्ये मॅकवर एपीएफएस ही पद्धत आणली. तिच्यात त्याच डिस्कवर फाइल 'डुप्लिकेट' केली की मजकुराची नक्कल होतच नाही. दुसरी नोंद तयार होते आणि दोन्ही नोंदी त्याच ब्लॉककडे, म्हणजे क्लस्टरसारख्याच कप्प्यांकडे, बोट दाखवतात. पुढे एका फाइलमध्ये बदल केला तर बदललेला भाग तेवढा नव्या ब्लॉकमध्ये लिहिला जातो, बाकीचं सामाईकच राहतं. लिनक्सच्या बीटीआरएफएस या पद्धतीतही ही सोय आहे. मॅकवर ४० जीबीचा व्हिडिओ डुप्लिकेट करून बघा: क्षणात दोन फाइली दिसतील, दोघींपुढे ४० जीबी लिहिलेलं असेल, आणि डिस्कवरची रिकामी जागा जवळपास होती तेवढीच असेल. तो ब्लॉक खराब झाला तर दोन्ही फाइली एकदमच जातात, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, तेहतीस मिनिटं लागली तरी.