राक्षसी स्त्रीरूप (भयपटांतील)

भयपटातील स्त्री केवळ भक्ष्य नसून स्वतःच भयाचे उगमस्थान असते, अशा चित्रणासाठी चित्रपटसमीक्षेत रूढ झालेली संज्ञा. ऑस्ट्रेलियन अभ्यासक बार्बरा क्रीड यांनी ‘स्क्रीन’ नियतकालिकातील १९८६ च्या लेखात ती मांडली व १९९३ च्या ग्रंथात विस्तारली. रक्त, प्रसव, शव अशा देहाच्या सीमा पुसणाऱ्या गोष्टींची किळस हा फ्रान्समधील विचारवंत ज्युलिया क्रिस्तेव्हा यांच्या १९८० मधील विवेचनाचा विषय या मांडणीच्या मुळाशी आहे. स्त्रीदेहातील उणिवेमुळे पुरुषाला भय वाटते, हे मनोविश्लेषक फ्रॉइडचे गृहीत क्रीड उलटवतात. त्यांच्या मते स्त्री आपल्याला खच्ची करील, हेच ते भय.

क्रीड यांची प्रमुख उदाहरणे १९६० व त्यानंतरची आहेत. त्याआधीच्या हॉलिवूडमध्ये हे रूप सेन्सॉरच्या धाकाखाली घडले. पडद्यावर काय दाखवावे याचे नियम घालणाऱ्या निर्मितीसंहितेची कडक अंमलबजावणी १९३४ पासून सुरू झाली होती.

या काळातील ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ (१९३६, दिग्दर्शक लॅम्बर्ट हिलियर) या चित्रपटाचे मूळ वादग्रस्त आहे. श्रेयनामावलीत ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’ या कथेचा आधार सांगितला आहे. ही कथा स्टोकरच्या मृत्यूनंतर, १९१४ मध्ये, त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिने प्रसिद्ध केली. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लांबल्याने तिच्यातून गाळलेला हा भाग होय, असे ती प्रस्तावनेत म्हणते. निवेदनाची वेगळी ढब व निनावी निवेदक पाहता काही अभ्यासकांना हे जसेच्या तसे मान्य नाही. ते काही असो, कथेचे चित्रपटाशी साम्य नाममात्रच आहे. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने १९३३ मध्ये फ्लॉरेन्सकडून कथेचे हक्क घेतले व पुढे ते हा चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीकडे गेले. तेव्हा श्रेयनामावलीतील उल्लेख व्यवहारापोटी आला, असे मानणे अधिक सयुक्तिक. दुसरा पक्ष शेरिडन ल फान्यूच्या ‘कार्मिला’कडे (१८७१–७२) बोट दाखवतो. तरुणीशी सलगी करून तिचे रक्त शोषणारी खानदानी स्त्री तेथे आधीच आहे. शिवाय ‘ड्रॅक्युलाज गेस्ट’मधील मृत काउंटेस ऑस्ट्रियातील स्टायरियाचीच, आणि ‘कार्मिला’ही तेथेच घडते. त्यामुळे दोन्ही पक्षांत वाटते तितके अंतर नसावे.

चित्रपटातील ड्रॅक्युलाची मुलगी काउंटेस झालेस्का (ग्लोरिया होल्डन) रक्तपिपासेच्या शापातून सुटण्यासाठी बापाचे प्रेत जाळते, तेही पुरेसे न झाल्याने मानसोपचारतज्ज्ञाला साकडे घालते. चित्रासाठी म्हणून आणलेल्या लिलीला ती खांदे उघडे करायला सांगते व अंगठीने संमोहित करते. लिली किंचाळते तेव्हा कॅमेरा वर सरकून भिंतीवरील मुखवट्यावर थांबतो. हा प्रसंग जपून हाताळावा, असे संहिता कार्यालयाच्या जोसेफ ब्रीनने आधीच बजावले होते. समलिंगी आकर्षण उघड दाखवता येत नव्हते, म्हणूनच तो मुखवटा आज इतका बोलका वाटतो. त्याआधीच्या वर्षीच्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधील वधू (एल्सा लँचेस्टर) पडद्यावर जेमतेम काही मिनिटे असते, किंकाळी फोडून नियोजित वराला, म्हणजे फ्रँकेन्स्टाइनने घडवलेल्या राक्षसाला, नाकारणे एवढेच तिचे कर्तृत्व, पण तेवढ्याने सारा बेत उधळतो.

‘कॅट पीपल’मध्ये (१९४२, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर) राक्षसी रूप जवळजवळ दिसतच नाही. सर्बियन इरेनाला (सिमोन सिमोन) धास्ती असते की, नवऱ्याने जवळ घेतल्यास आपण बिबळ्या होऊ. त्यामुळे लग्न नावापुरते राहते. विवाहाच्या मेजवानीत एक अनोळखी स्त्री तिला ‘मोया सेस्त्रा’ (माझी बहीण) म्हणते आणि निघून जाते. चित्रपटात समलिंगी आकर्षण वाचणाऱ्यांचा बराच डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. तो अगदीच निराधार नाही. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात प्रेक्षकाला मिळतात त्या पाण्याच्या हलत्या सावल्या व गुरगुर. नंतर हाती लागतो फाटलेला झगा.

जपानी चित्रपटांत, उदा., कानेतो शिंदोच्या ‘कुरोनेको’त (१९६८), मांजर-स्त्रीची परंपरा स्वतंत्र आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये संहितेऐवजी प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांची वर्गवारी आली. ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९७० मध्ये ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’मध्ये ‘कार्मिला’ उघडपणे पडद्यावर आणली. कार्मिलाच्या भूमिकेत इन्ग्रिड पिट होती.