युनिटेरियन मंडळी : समूहजीवन आणि वंशविषयक संवाद

त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव ही कल्पना) नाकारून ईश्वराचे एकत्व मानणाऱ्या ख्रिस्ती प्रवाहातून युनिटेरियन पंथ निघाला. आज तो सभासदांवर कोणतीही ठरावीक श्रद्धा बंधनकारक करत नाही. त्याच्या स्थानिक मंडळ्यांत वंशवादाविषयी नियम बांधून चर्चा करण्याची जी रीत रुळली, तिची माहिती येथे दिली आहे. विवेचन मुख्यतः अमेरिकेपुरते आहे. तेथे १८२५ साली स्थापन झालेली युनिटेरियन संघटना १९६१ मध्ये, अखेर सर्वांचेच तारण होते असे मानणाऱ्या युनिव्हर्सलिस्ट पंथाशी एक झाली आणि बोस्टन येथे मुख्यालय असलेली युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट असोसिएशन (यूयूए) अस्तित्वात आली.

रचना : मंडळी स्वायत्त असते. ही परंपरा न्यू इंग्लंडमधील १६४८ च्या केंब्रिज प्लॅटफॉर्म या चर्च-कारभाराविषयीच्या जाहीरनाम्यापर्यंत मागे नेली जाते. पाळकाची निवड सभासद मतदानाने करतात, अंदाजपत्रक सभासदच मंजूर करतात आणि इमारतही सहसा मंडळीच्याच मालकीची असते. यूयूएच्या वार्षिक महासभेने केलेला ठराव मंडळीवर लादता येत नाही. ठरावीक श्रद्धेच्या जाहीरनाम्याऐवजी सभासदांना बांधून ठेवतो तो परस्परांशी केलेला करार. त्यामुळे वंशाच्या प्रश्नावर वरून हुकूम निघण्याची सोय नाही. जे व्हायचे ते चर्चेतून आणि मतदानातूनच होते. या पद्धतीचे बळ यात आहे आणि तिची रखडही यातच आहे.

आरंभाविषयी मतभेद : या संवादाचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर येथील युनिव्हर्सलिस्ट मंडळीच्या १७८५ च्या करारावर ग्लॉस्टर डाल्टन या आफ्रिकी वंशाच्या सभासदाची नोंद आहे, म्हणून काही जण तेथून सुरुवात करतात. मात्र एका सभासदाची नोंद म्हणजे संवाद नव्हे. दुसरा दाखला १८६० चा. विल्यम जॅक्सन या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट पाळकाने न्यू बेडफर्ड येथील अधिवेशनात आपण युनिटेरियन मत स्वीकारल्याचे जाहीर केले. त्याच्यासाठी वर्गणी जमवली गेली, पण त्याला सामावून न घेता वाटेला लावण्यात आले. जमैकाचे एथेलरेड ब्राउन यांनी १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मंडळी उभी केली, पण पंथाकडून त्यांना आधार तुटपुंजाच मिळाला. मार्च १९६५ मध्ये अलाबामा राज्यातील सेल्मा येथील मतदानहक्क चळवळीत पाळक जेम्स रीब आणि डेट्रॉइटच्या सभासद व्हायोला लियुझो मारले गेले. पंथाच्या स्मृतीत सेल्माला मोठे स्थान आहे. परंतु तो लढा मंडळीच्या दाराबाहेरचा होता. दाराच्या आतला प्रश्न उघडपणे मांडला गेला तो ऑक्टोबर १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथील तातडीच्या परिषदेत, आणि आरंभ तेथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्या परिषदेत बहुतेक कृष्णवर्णीय प्रतिनिधी वेगळे बसले आणि त्यांनी स्वतःचा गट स्थापन केला. त्यांची मागणी पैशाची आणि तो खर्च करण्याच्या अधिकाराची होती. १९६८ च्या क्लीव्हलँड महासभेने कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक अफेअर्स कौन्सिल’ला वर्षाला अडीच लाख याप्रमाणे चार वर्षांत दहा लाख डॉलर देण्याचे ८३६ विरुद्ध ३२७ मतांनी मान्य केले. समांतर उभ्या राहिलेल्या, कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय अशा मिश्र गटाला एकत्रित काम हवे होते, त्यामुळे १९६९ च्या बोस्टन महासभेत खडाजंगी झाली आणि अनेक प्रतिनिधी सभात्याग करून गेले. पुढे यूयूएची तिजोरी रिती असल्याचे उघड झाले. १९७० च्या आरंभी संचालक मंडळाने तीच रक्कम पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला दोन लाख, देण्याचे ठरवले. कौन्सिलने निषेध म्हणून संलग्नता सोडली आणि त्याच वर्षीच्या महासभेने निधी थांबवला. एक पक्ष याला वचनभंग म्हणतो, दुसरा दिवाळखोरी टाळण्याचा नाइलाज. तिजोरीची अडचण खरी होती. पण कात्री प्रथम कोठे लागली हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढील दोन दशकांत पंथात या विषयावर बोलणे टाळलेच गेले.

१९९७ च्या फीनिक्स महासभेने वंशवादविरोधी संस्था घडवण्याचा ठराव केला. २००१ मध्ये विल्यम सिंकफर्ड हे यूयूएचे पहिले आफ्रिकी-अमेरिकी अध्यक्ष झाले. २०१७ मध्ये नेमणुकांतील श्वेतवर्णीय वर्चस्वावरून वाद पेटून तत्कालीन अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि त्या वसंतात शेकडो मंडळ्यांनी रविवारची उपासना या विषयाला वाहिली. फिलाडेल्फियात २०१३ मध्ये पुढे आलेले, यूयूएच्या घटनेतील सात तत्त्वांना जोड म्हणून मांडलेले, वंशवाद मोडून काढण्याचे ‘आठवे तत्त्व’ अनेक मंडळ्यांनी स्वतंत्र मतदानाने स्वीकारले. २०२४ मध्ये घटनेतील त्या सात तत्त्वांच्या जागी प्रेमाला केंद्रस्थानी ठेवणारी मूल्ये आली.

संवादमंडळ : आठ ते दहा जण वर्तुळात बसतात, बारापेक्षा जास्त झाले की फेरी पुरी होत नाही. वेळ दीड ते दोन तास. आधी पंथाचे चिन्ह असलेला ज्योतिचषक पेटवतात, मग करार वाचतात : स्वतःच्या अनुभवातून बोलावे, ऐकलेले बाहेर नेऊ नये, जास्त बोलणाऱ्याने थांबावे. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे. मधे तोंड घालायचे नाही, उत्तर द्यायचे नाही, ‘पुढे जा’ म्हणण्याची मुभा. प्रतिसाद दुसऱ्या फेरीत. शेवटची दहा मिनिटे समारोपासाठी राखून ठेवतात. ती चर्चेत गेली तर दुखावलेला माणूस तसाच घरी जातो आणि वाद ईमेलवर सुरू होतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे वर्तुळातल्या एकट्या कृष्णवर्णीय सभासदाला शिक्षक करणे. त्यावर उपाय म्हणून श्वेतवर्णीय व इतर असे गट काही सत्रे वेगळे बसवतात. ‘ही तर पुन्हा फाळणीच’ असा आक्षेप हमखास येतो. म्हणून गट पुन्हा एकत्र केव्हा बसणार हे आधीच जाहीर करावे लागते. दुसरी चूक पुस्तकवाचनावर थांबण्याची. सुशिक्षितांच्या या पंथाला वाचन सोपे जाते, अंदाजपत्रकातील एक ओळ बदलणे जड जाते. खरी कसोटी उपासनेनंतरच्या कॉफीच्या वेळी लागते : वर्षानुवर्षे येणाऱ्या कृष्णवर्णीय सभासदाला ‘आज पहिल्यांदाच आलात का?’ असे विचारले जाते. स्वागताला उभ्या राहणाऱ्या सभासदांना म्हणून ‘आपली भेट झाल्याचे आठवत नाही, मी अमुक’ असे म्हणायला शिकवतात.

‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ (कृष्णवर्णीयांचे जीव मोलाचे आहेत) या वंशवादविरोधी घोषणेचा फलक इमारतीवर लावायचा असल्यास रीतसर सूचना, गणसंख्या आणि सभासदसभेचे मतदान घेतलेले बरे. फक्त समितीच्या निर्णयाने लावलेला फलक चोरीला गेला किंवा फाडला गेला, तर नवा लावण्यावरून मंडळीतच तट पडतात.

भारतातील संबंध : मेघालयातील खासी टेकड्यांत १८८७ पासून युनिटेरियन मंडळ्या आहेत. महाराष्ट्राचा दुवा विठ्ठल रामजी शिंदे यांचा. युनिटेरियनांच्या साहाय्याने ते १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापले. या कार्याचे श्रेय ऑक्सफर्डला किती द्यावे याबाबत सावध राहणे इष्ट. प्रार्थनासमाज आणि मराठी संतपरंपरा यांचा वाटा मोठा दिसतो.